मडगार्डवरचे ओरखडे

रॉकेलचा बोळा फिरवला तसा आमच्या जुन्या, छोट्या ट्रॅक्टरचा लाल रंग उजळला, आणि मडगार्डवरचे ओरखडेही.

तो नवाकोरा बिडकीनला घरी आला, त्या दिवशी आई मडगार्डवर बसून मोसंबीच्या बागेत निघाली. बांधावर हादरा बसला. तिनं घट्ट धरलं आणि हातातले चांदीचे गोट रंगावर कर्रकन घासले. वडिलांनी वळून ओरखड्यांकडे पाहिलं. पुढं ट्रॅक्टर अगदी हळू चालवला. मोसंबीच्या फुलांचा वास दाटला तरी मला वाटत राहिलं, वडील रागावलेत.

यंदा इंजिन नव्यानं बांधून घेतलं. पेंटर ओरखडे भरतो म्हणाला, तर वडीलच आडवे आले. "रंगाला हात लावायचा नाय."

आज आई पुन्हा चढायला आली. "थांबा, आधी गोट काढते."

"राहू दे हातात," वडील म्हणाले.