धर्मा तांडेलाचा डबा

गोराईचा धर्मा तांडेल आपणहून बोलायला लागला, तर समजावं की होडीचं इंजिन बंद पडलंय. एरवी माणूस मुखदुर्बळ. खाडी ओलांडून माणसं बोरिवलीच्या बाजूला सोडायची आणि परत आणायची, यातच त्याचं आयुष्य गेलं. बोलण्याचं काम त्याने त्या डिझेलच्या धुडाला देऊन टाकलं होतं.

मग आम्ही गावकऱ्यांनी वर्गणी काढून बॅटरीवर चालणारी होडी घेतली आणि सुकाणू त्याच्याच हाती दिलं. धूर नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, आवाज तर नाहीच. नारळ फोडताना मी भाषणही ठोकलं. कुणी ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पण ही शांतताच सुंदराबाईला नडली. म्हातारी रोज मासळी विकायला पलीकडे जाते. नजर अधू झालेली. होडी भरती-ओहोटी बघून सुटते, त्यामुळे घड्याळाचा उपयोग नाही. इंजिनाची धडधड कानावर आली की ती टोपली उचलून निघायची. आता होडी कधी येते नि कधी जाते, तिला पत्ताच लागेना. आधीच येऊन धक्क्यावर बसावं, तर उन्हात मासळी खराब होते.

होडी वरचेवर चुकायला लागली, तशी सून माधुरी म्हणाली, आता घरी बसा, उद्या धक्क्यावर पाय चुकला तर काय करायचं? तिचंही खोटं नव्हतं. पण नवऱ्याच्या मागे सुंदराबाईने याच टोपलीवर घर उभं केलं होतं. ती टोपली दुसऱ्या कोळणीला द्यायची ठरली, तेव्हा म्हातारी जेवली नाही. मला फार वाईट वाटलं. मी धर्माला सगळं सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला आणि दोर सोडवायला लागला. असा संताप आला म्हणता!

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीतून ठणठणाट ऐकू आला. धर्मा एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने डिझेलचा रिकामा डबा बडवत होता. होडीतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले होते. शांत होडी म्हणून घेतली ना यार, असं होडीतून कॉलेजला निघालेल्या कृणालने त्याला सुनावलंही. धर्माने डबा थांबवला नाही.

टोपली डोक्यावर घेऊन सुंदराबाई धक्क्यावर हजर. मागोमाग माधुरी, तिला अडवायला आलेली.

"धर्मा, जुना इंजिन परत बसवलास काय रे?" म्हातारीने विचारलं.

"इंजिन नाय, मावशी," धर्मा म्हणाला. "मीच हाय."

त्याने डबा खाली ठेवला आणि हात पुढे केला. मग माधुरीनेच सासूच्या डोक्यावरची टोपली उतरवून त्याच्या हातात दिली.