मोकळा हात

मुलीची पाण्याची बाटली धरून बाकावर बसणं, एवढंच माझं ब्राझिलियन जिउ-जित्सू या कुस्तीसारख्या खेळातलं कौशल्य. आज माझी ऋचा मॅटवर दुसऱ्या मुलीच्या छातीवर बसली होती. टायमर वाजेपर्यंत तिथेच टिकली तर स्पर्धेच्या संघात, उलटली तर घरी. आणि डाव उरकायच्या घाईत ती नेहमी उलटते.

"आवळू नकोस, अंगाचं वजन तिच्यावर सोड," सर म्हणाले.

खालची मुलगी उसळली. ऋचा तिच्याबरोबर झुकली आणि पुन्हा स्थिरावली. मग त्या मुलीचा एक हात सैल पडला, अगदी ऋचाच्या समोर. पिरगाळला की खेळ संपला. धर, धर, असं मनात म्हणत मी बाटली चेपत होतो.

मिळालेली जागा नुसती सांभाळणं किती अवघड असतं! मी तर दही लागलं का, हे भांडं हलवून बघणारा माणूस. वर चढायला जोर पुरतो. वर बसून काहीच न करायला जे लागतं, ते आमच्या घराण्यात माझ्याकडून तरी आलेलं नाही.

ऋचाने त्या हाताकडे पाहिलं आणि तो तसाच राहू दिला. टायमर वाजला.

स्कूटरवर मला राहवेना. "हात मोकळा होता. दिसला नाही का?"

"दिसला की. मुद्दाम दिला होता तिने. धरायला वाकले असते, तर उलटलेच असते."

"तुला कसं कळलं?"

"भांडताना आई मध्येच 'बरं, तुझंच खरं' म्हणते आणि तू खूश होऊन अजून एक वाक्य बोलतोस ना बाबा, तसंच होतं ते."