दुसऱ्या पंगतीची भाषा

नाडेसन पडायाची आमच्या गावच्या कोर्टात तमिळचा दुभाषा होता, आणि दक्षिण आफ्रिकेत डर्बनपासून वर उसाच्या सगळ्या पट्ट्यात त्याच्याइतका निवांत सरकारी नोकर शोधून सापडला नसता. तमिळमध्ये साक्ष देणारी म्हातारी माणसं कधीच देवाघरी गेली होती. त्यांची मुलं इंग्रजीत भांडत आणि नातवंडं इंग्रजीत घटस्फोट घेत. झुलूच्या दुभाष्याला पाणी प्यायला सवड नसे. नाडेसन मात्र सकाळी येई, दारावरची तमिळ अक्षरांची पाटी रुमालानं पुसे आणि किटली लावी. देवळाचे फलक रंगवणाऱ्या माणसाकडून त्यानं ती पाटी करून घेतली होती. कोर्टात ती दुसऱ्या कोणालाच वाचता येत नसे, त्यामुळे तिच्यात चूक काढायची कोणाची टाप नव्हती.

रिकामा असला तरी तो बिनकामाचा नव्हता. पोटगीच्या रांगेत बायकांची जुंपली की त्यालाच बोलवत. शुक्रवारी पावात भरून मिळणारी घेवड्याची उसळ सगळ्या कारकुनांसाठी तोच आणवी. कोणी चिडवलंच तर तो राज्यघटनेवर जाई. घटनेत तमिळचं नाव आहेच. अकरा राजभाषा पहिल्या पंगतीला बसल्या. तमिळ त्यांच्या मागून, जर्मन, ग्रीक, गुजरातीच्या रांगेत, 'उत्तेजन द्यावं आणि मान राखावा' अशा भाषांत. पंगत कितवी याची नाडेसनला फिकीर नव्हती. नाव आहे, एवढं त्याला पुरे होतं. त्याची बायको लचमी तेलुगू घरातली. घटनेत तेलुगूच्या आधी तमिळ आहे, हे तो तिला लग्नापासून ऐकवत आला होता.

"एबीसीडीतही तसंच आहे," लचमी म्हणे, आणि डाळ ढवळत राही.

मग कार्यालयाच्या नव्या व्यवस्थापक म्हणून शेझीबाई आल्या. वयानं नाडेसनच्या मुलीएवढ्या, बोलायला मऊ आणि कामाला कडक. त्यांनी कोण काय करतो ते नीट पाहिलं आणि एक दिवस नाडेसनला खोलीत बोलावून स्वतःच्या हातानं चहा दिला. सरकारी नोकरीत वरिष्ठांनी चहा ओतला की समजावं, आपलं काहीतरी जाणार. वर्षअखेरपर्यंत तमिळमधलं एकही प्रकरण उभं राहिलं नाही तर ही जागा बंद होईल आणि त्याला लवकर निवृत्त व्हावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. नाडेसननं राज्यघटना काढली. शेझीबाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"तुमच्या भाषेचा मान मी राखते, मिस्टर पडायाची," त्या म्हणाल्या. "पण मान राखायला पगारी माणूस लागत नाही."

लचमीला वाईट वाटलं नाही. पेन्शन मिळेल, माणूस घरी राहील, गळकं छप्पर एकदाचं दुरुस्त होईल, असा तिचा हिशोब. नाडेसनचा हिशोब मात्र जुळेना. ती पाटी गेली की आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं. त्यातून एक गोष्ट अशी होती की ती त्यानं बायकोलाही कधी सांगितली नव्हती. त्याला तमिळ येत नव्हतं.

म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. देवळातली स्तोत्रं त्याला मुखोद्गत होती आणि आवाज असा होता की कावडीच्या उत्सवात दगडाला पाझर फुटावा. नोकरीच्या परीक्षेला समोर बसलेले वृद्ध पंडित देवळातलेच. त्यांनी पहिल्या प्रश्नाऐवजी 'काहीतरी म्हण' असं सांगितलं. नाडेसननं मुरुगनाचं स्तोत्र म्हटलं, पंडितांनी डोळे पुसले आणि उरलेले प्रश्न राहूनच गेले. पुढे ज्या म्हाताऱ्या कोर्टात आल्या त्यांना कोणी कोणाला मारलं एवढंच सांगायचं असे, आणि ते हातवाऱ्यांवरूनही कळत होतं. देवाच्या दयेनं तेवढ्यावर निभावलं.

तोड निघाली ती परसातच. धनबाकियम पेरिम्मा, म्हणजे नाडेसनच्या आईची थोरली बहीण, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहत होती. साखर कारखान्याच्या चाळीत जन्मलेली, जिभेला धार, आणि तमिळ अशी अस्सल की कारखान्याच्या भोंग्यालाही समजावी. तिचं कढीपत्त्याचं डेरेदार झाड शेजारच्या बैजनाथनं कापलं होतं. पानं त्याच्या मोटारीवर पडतात म्हणून अर्धं कापायला गेला आणि पूर्ण कापून बसला. तेव्हापासून पेरिम्मा कोर्टात जाईन म्हणत होती आणि घरचे तिला धरून ठेवत होते. शेजाऱ्याशी वैर नको, असं सगळ्यांत जास्त नाडेसनच म्हणायचा.

आता तोच तिच्या खोलीत गेला आणि म्हणाला की लहान दाव्यांच्या कोर्टात अर्ज करूया, तिथे वकीलही लागत नाही.

पेरिम्मानं चष्मा कपाळावर चढवला. "कालपर्यंत बैजनाथ तुझा भाऊ होता."

"अन्याय तो अन्याय, पेरिम्मा. फक्त एक कर. कोर्टात इंग्रजीचा एक शब्द बोलायचा नाही. तू तमिळमध्ये सांग, मी इंग्रजी करतो."

"तू करतोस?" पेरिम्मा म्हणाली, आणि त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की नाडेसनला काहीतरी आठवल्यासारखं करून उठावं लागलं.

सुनावणीच्या दिवशी अर्धा पट्टा लोटला. देवळाची मंडळी आली, झुलूचा दुभाषा कौतुकानं मागे उभा राहिला आणि शेझीबाई कडेच्या बाकावर वही घेऊन बसल्या. नाडेसननं लग्नातला सूट घातला होता. पेरिम्मा पिवळ्या साडीत आली आणि खुर्ची दिली तरी बसली नाही.

न्यायाच्या खुर्चीत बसलेल्या कमिशनरसाहेबांनी झाडाबद्दल विचारलं आणि पेरिम्मा सुरू झाली. किती वर्षांत तिला कोणी सबंध गोष्ट तमिळमध्ये सांगायला सांगितलं नव्हतं. चाळ आली, कारखाना आला, कोणाची तरी सासू आली, एक पाऊस आला, एक बी आली, आणि मध्येच ती हसली, मध्येच तिचा आवाज बसला. नाडेसन पहिली दोन वाक्यं तिच्या बरोबरीनं धावला, तिसऱ्याला मागे पडला, आणि त्यानंतर त्याला तिची नुसती पाठ दिसत होती.

ती थांबली. सगळे नाडेसनकडे बघू लागले.

"त्या म्हणतात," नाडेसन म्हणाला, "झाड चांगलं होतं."

"एवढंच?" साहेबांनी विचारलं.

शेझीबाईंचं पेन थांबलेलं नाडेसनला दिसलं. मग माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो, तसं त्यानं केलं. झाड जुनं आहे, घराण्यातलं आहे, असं सांगत गेला आणि आवाजात जरा देवळातला सूर आणून म्हणाला, "त्यांच्या दिवंगत पतीनं ते स्वतःच्या हातानं लावलं होतं. त्यांची तेवढीच आठवण उरली होती."

मागे कोणीतरी चुकचुकलंही. पण पेरिम्मा ताडकन वळली.

"नवऱ्यानं?" ती म्हणाली, आणि स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत म्हणाली. "त्या माणसानं उभ्या जन्मात मिरचीचं रोप लावलं नाही. झाड मी लावलं. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी लावलं, कारण जिवंत असेतो तो लावू देत नव्हता. मुळं घराचा पाया फोडतील म्हणे. मी काय सांगत होते इतका वेळ?"

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, आपल्याला इंग्रजी येतं?"

"न यायला काय झालं? रोज टीव्ही बघते. यानंच बजावलं होतं, बोलू नकोस म्हणून."

शेझीबाईंनी वही मिटली, आणि त्यांचा चेहरा हसू दाबून दाबून लाल झाला होता असं झुलूचा दुभाषा अजून सांगतो. उरलेली सुनावणी इंग्रजीतच झाली. बैजनाथला इतकी लाज वाटली की त्याची बायको रोज त्याच झाडाची पानं चोरून न्यायची, हेही त्यानं आपणहून कबूल केलं. निकाल पेरिम्माच्या बाजूनं लागला. नाडेसनची जागा गेली.

शेझीबाई वाईट वागल्या नाहीत. वर काही लिहून पाठवलं नाही, निरोपाला केक आणला आणि पाटी स्वतः उतरवून त्याच्या हातात दिली. "यावर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. ती पाटी त्यानं आयुष्यभर पुसली होती. अक्षरं तेवढी त्यानं वाचून दाखवली; अर्थ त्याला सांगता आला नाही.

त्या संध्याकाळी तो मागच्या पायरीवर पेरिम्माशेजारी जाऊन बसला. कढीपत्त्याच्या खुंटाला नवे कोंब आले होते. पेरिम्मा नेहमीसारखं तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि तो सवयीनं इंग्रजीत 'हो' म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की लहानपणापासून हे असंच चाललं आहे. ती तमिळमध्ये बोलते, आपण इंग्रजीत हो म्हणतो आणि निघून जातो. साऱ्या देशानं या भाषेचा मान राखावा म्हणून तो भांडला होता, आणि घरात ती बोलणाऱ्या पेरिम्मापाशी एक माणूस धड बसत नव्हतं. त्याला फार लाज वाटली.

"पेरिम्मा," तो म्हणाला, "मला येत नाही. कधीच आलं नाही. झाडाची गोष्ट पुन्हा सांग. हळू."

पेरिम्मानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग एकेक शब्द सुटा करून, पोराला भरवावं तशी, एकच वाक्य बोलली. नाडेसननं ते दोनदा म्हणायला लावलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लचमीनं डोकं काढलं. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं, "काय म्हणाल्या हो त्या?"

नाडेसन घसा साफ करून सरळ बसला. "त्या म्हणतात, गाढव देवळात बांधलं म्हणून ते पुजारी होत नाही."

"हे बरोबर सांगितलंस," पेरिम्मा म्हणाली, आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.