आधीच भरलेला रकाना

दुष्काळाची ती वर्षं. शहर पडेगावच्या पुढं पसरत चाललं होतं आणि नळ मागंच राहिले होते. टँकरच्या खेपांची नोंद ठेवणाऱ्या एका ऑफिसात मी कामाला होते. रोज सकाळी एक्सेलची कोरी शीट उघडायची. तीच वस्त्यांची यादी, तेच रकाने, तीच रुंदी. वैताग यायचा. शेवटी मी एक टेम्प्लेट बनवला आणि असा बसवला, की नवी फाइल उघडली की सगळं आयतं तयार. 'टँकर पोहोचला का?' या रकान्यात 'होय'सुद्धा आधीच भरून ठेवलं. आमची रीतच तशी होती: टँकर गेला नाही तरच ड्रायव्हर फोन करायचा. ऑफिसात कौतुक झालं आणि मी फुगले.

मग पडेगावच्या पलीकडच्या एका नव्या वस्तीचा ड्रायव्हर काम सोडून गेला. त्याच्या जागी कुणी आलंच नाही, त्यामुळं फोन करायलाही कुणी नव्हतं. नवव्या दिवशी तिथली एक बाई ऑफिसात आली. मी, शहाणी, तिला शीट दाखवली. रोज होय.

"ताई, तुमच्या मशिनीत आलं असंल पाणी. आमच्या टाकीत नाय."

चूक सगळी माझी होती. टेम्प्लेटमधला तो रकाना मी लगेच रिकामा केला. पण त्यानं पुढच्या फाइली सुधारतात. आधीच्या नऊ तशाच राहिल्या आणि त्या वर पाठवूनही झाल्या होत्या. साहेबांना सांगितलं. ते चिडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, जादा टँकर पाणी न मिळणाऱ्या वस्त्यांना देतात, आणि ही वस्ती कागदोपत्री मिळणाऱ्यांत आहे. माझी चूक म्हणून लिहून देते म्हटलं, तर म्हणाले, राहू द्या, उगाच चौकशी लागेल.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः 'नाही' टाइप करू लागले. तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी ती बाई पुन्हा आली. आता तरी खरं लिहिता ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं आणि शीट दाखवली.

"मग पाणी कधी?"

मी माझी पाण्याची बाटली पुढं केली. तिनं ती घेतली, पण तिथं प्यायली नाही. तशीच घरी घेऊन गेली.