मारिसोल आणि आमच्या मंडळाची एकी

तर हो, मारिसोल गेली. काल, टेक्सासमध्ये. तिच्या बहिणीचा मेसेज आला.

दुबईत तिला ओळखणारं आता माझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून इथे लिहितेय.

२००९ मध्ये आम्ही अल बर्शाला एका फ्लॅटमध्ये राहायचो. ती टीचर, मी अकाउंट्समध्ये नवीन.

ती मेक्सिकन घरातली, जन्म अमेरिकेतला. कॉलेजात असताना तिथल्या मेक्सिकन लोकांच्या हक्कांच्या चळवळीत होती.

"पुरुष माइकवर, आम्ही किचनमध्ये," ती सांगायची. "काही बोललं की, आत्ता नको, आपल्यात फूट पडेल."

मी प्रश्न विचारून विचारून तिचं डोकं खायचे.

२००८च्या मार्केट क्रॅशनंतर सगळ्यांचीच वाट लागली होती. त्यात आमच्या मराठी मंडळातल्या मेधाताईंचे मिस्टर हार्ट अटॅकने गेले. मंडळाने काय नाही केलं? पेपर्स, बॉडी गावी पाठवणं, ताईंसाठी नोकरी शोधणं.

आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावलंच नाही.

मी मीटिंगमध्ये विचारलं. सेक्रेटरी कामतकाका म्हणाले, "अगं बाळा, लोकांच्या नोकऱ्या चालल्यात. आत्ता एकी हवी. हा बायकांचा विषय नंतर बघू."

बायका तिळगुळाची पाकिटं भरत होत्या. एकीनेही वर बघितलं नाही.

म्हटलं, खलास. मंडळ सोडलं.

घरी येऊन मारिसोलला सांगितलं. वाटलं, मिठी मारेल.

ती हसली. "सेम डायलॉग. आमच्याकडे स्पॅनिशमध्ये होता." मग म्हणाली, "पण तू निघून आलीस. आता मेधाबरोबर कोण बसणार?"

"तू काय केलं होतंस?"

"भांडले. मला गद्दार म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मोर्चात गेले. माझेच लोक होते ना."

मी परत गेले.

पुढच्या संक्रांतीला मेधाताईंना हाताला धरून नेलं. मीच कुंकू लावलं. फक्त एका वहिनींनी त्यांना वाण दिलं.

तोवर मारिसोलची नोकरी जाऊन ती अमेरिकेला परतली होती. स्काइपवर सांगितलं, तर म्हणे, "त्या वहिनींना जेवायला बोलाव."

बोलावलं. आल्या नाहीत.

मेधाताई आता कायमच्या पुण्याला गेल्यात. मंडळात लोक माझ्याशी कामापुरतं बोलतात. रविवारी हळदीकुंकू आहे. यंदा मंडळातल्याच शर्वरीला बोलावलेलं नाही, तिचा डिव्होर्स झालाय म्हणून.

आणि कुणाला फोन करावा, कळत नाही.

नीट जा, मारिसोल. तू होतीस तेव्हा हे सगळं झेपायचं.

तुम्ही सांगा. आपलीच माणसं असं वागली, तर आत राहून भांडत राहायचं की बाहेर पडायचं?