आतल्या कॉम्प्युटरचा बोगदा

औरादच्या ऑनलाइन सेंटरवरला तो माणूस गिऱ्हाइकाशी न्हाई, स्क्रीनशीच बोलतो. पहाणीत, म्हंजे आमच्या कन्नड मुलखातल्या सातबाऱ्यात, माझ्या बापाचं नाव चुकलं होतं अन् दुरुस्तीचा तो शेवटचा दिवस होता. त्याच्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर हाय म्हणं, अन् सरकारी पान त्या आतल्यातच उघडतंय.

“व्हीपीएन म्हंजे बोगदा, अप्पा. हितून थेट बेंगळूरच्या हापिसात.”

दोन तास झाले, “लागला, लागला” म्हणायलाय, पण पान काही उघडंना. मी जिंदगीभर विहिरी खोदल्या. गप कसा बसू?

“बोगदा बाहेरच्याला लावलास अन् पान आतल्यात उघडायलास. आतून कामून लावत न्हाईस?”

“तुमाला काय कळतंय? गप बसा की!”

सगळी रांग हसली. मग त्यानं गुपचूप आतल्यात व्हीपीएन लावला अन् पान उघडलं. “बघा, सुचलं का न्हाई मला?” असं रांगेला म्हणाला.

बापाचं नाव नीट झालं. मग सही येती का ते न विचारताच त्यानं अर्जासोबत अंगठा लावायचं शाईचं पॅड माझ्याकडं सरकवलं. मी ते मागं ढकललं अन् सही केली, एक मराठीत, एक कन्नडात.

“आता ह्या दोन्ही सह्या वाच,” म्हणलं, “मोठ्यानं. रांगेला ऐकू जाऊ दे.”