कागदाच्या लगद्याची माळ

माझ्या हाताची कुणी तारीफ केली की मला आजही राग येतो. नात घरी बसून कानातली करते, रंगीत मातीची. ती माती म्हणे पाकिटात मिळते, हवी तशी वळायची, ओव्हनमध्ये भाजायची आणि झालं. "आजी, तू पण करून बघ ना," असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मी तिच्यावर खेकसले. तिला वाटतं म्हातारीला नव्या गोष्टींचं वावडं आहे. वावडं कसलं? आमच्या वेळी ही माती नव्हती, पण अमरावतीच्या घरी मी मणी, कानातली, पदकं पसापसा केली आहेत, कागदाच्या लगद्याची, आणि ती सुंदर व्हायची. ही बढाई नाही. ती जरा ओबडधोबड झाली असती तर बरं झालं असतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. वडील बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल कचेरीत होते, रोज सायकलनं जाऊन-येऊन करत. घरात आई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी ताई आणि मी. मी तेव्हा चौदाची. शाळेत हस्तकलेच्या तासाला लगद्याची संत्री करून घेत. अख्ख्या वर्गाची संत्री सारखीच बेडौल व्हायची. मोर्शीकडची एक मुलगी होती, तिनं बाईंना तोंडावर सांगितलं की असली संत्री आमच्याकडे गाईपुढेही टाकत नाहीत. मला फळांत गोडी नव्हती. उरलेला लगदा मी डब्यात घालून घरी आणला आणि त्याचे मणी वळले.

रद्दीचे तुकडे तीन-चार दिवस भिजत घालायचे, पाट्यावर वाटायचे, फडक्यात बांधून पिळायचे. मग त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी, खडूची पूड आणि मेथीची पूड. मेथीनं लगदा चिवट होतो आणि त्याला कसर लागत नाही. पाटा त्यामुळे कडू व्हायचा, चटणीत कागद निघायचा आणि आई जेवणाबरोबर मला शिव्याही वाढायची. मणी ओले असतानाच खराट्याच्या काडीनं भोक पाडायचं. वाळवायचे ते सावलीत. आमच्या उन्हात ठेवले तर तासाभरात तडकतात. शेवटी रंग, आणि रंगावर चपडा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ती मी शेजारच्या सुताराकडून वाटीभर मागून आणत असे. चपड्याचा हात फिरला की तो कागद आहे हे माझं मलाही खरं वाटायचं नाही.

ताईच्या गळ्यावर डाव्या बाजूला कोडाचा डाग होता. दोन वर्षांपूर्वी राईएवढा दिसला होता, तो आता रुपयाएवढा झाला होता. डॉक्टर म्हणाले, हे लागट नाही, जिवाला धोका नाही. वैद्यानं बावचीचं तेल दिलं. त्यानं कातडीला फोड आले आणि डाग होता तिथेच राहिला. दोन ठिकाणची माणसं तिला पाहून गेली आणि दोन्हीकडून नकार आला. ताई बावीस वर्षांची झाली होती. अशात अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, पत्रिका जुळलेली. आईला वाटायचं हे हातचं गेलं की पोरगी जन्मभर आपल्या चुलीपुढे बसणार. ताईचं वेगळंच होतं. तिनं त्या मुलाला एका नातलगाच्या लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढताना तो म्हाताऱ्या माणसांपाशी वाकून, हळू बोलत होता, एवढंच. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं आणि सांगताना तिचे कान लाल झाले होते.

डाग पदराखाली झाकता आला असता, पण बघायला आलेल्या बायका पदर खाली घ्यायला लावत, केस सोडून बघत, चालवून बघत. जनावराच्या बाजारातही माणसं याहून कमी बघत असतील. गळ्यालगत रुंद बसेल असा सोन्याचा दागिना आमच्या घरात नव्हता. म्हणून आई माझ्याकडे आली आणि तुझ्या त्या मण्यांची एक रुंद माळ कर म्हणाली. ताईला ते पटलं नव्हतं.

"सांगून टाक ना माय त्याइले. आज नाई तं उद्या दिसनच."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली. लग्न झाल्यावर डाग उठला असं सांगता येतं, तोवर माणसं आपली झालेली असतात, असा तिचा हिशेब होता. मला तिनं बजावलं, की माळ साधी कर, काळ्या मण्यांची, कुणाची नजर जाणार नाही अशी. मी हो म्हटलं.

आणि केली भलतीच. बारा दिवस त्या माळेपायी मी शाळेचा अभ्यास बघितला नाही. हरभऱ्याएवढे मणी, चार पदर, पदर एकमेकांत गुंतू नयेत म्हणून मधे मधे चार भोकांच्या चपट्या पट्ट्या. पट्ट्या सुरीनं कापल्या की कडा विस्कटत, म्हणून ज्वारीच्या धांड्याची, म्हणजे वाळल्या ताटाची, धारदार साल घेतली. गेरूत लाल शाई मिसळून रंग दिला, पट्ट्यांवर हळदी रंगाचे ठिपके उठवले, चपड्याचे तीन हात फिरवले. आईनं माळ पाहिली, कपाळाला हात लावला, पण दुसरी करायला दिवस उरले नव्हते. ताईच्या गळ्यात ती बसली तेव्हा डाग पुरता झाकला गेला. ताई आरशात बघतच राहिली, आणि मी ताईकडे न बघता माळेकडे बघत होते.

अकोल्याची माणसं सकाळच्या गाडीनं आली. पुरुष बाहेरच्या खोलीत वडिलांशी बोलत बसले. मधल्या खोलीत मुलाची आई आणि आत्या. आई स्वयंपाकघरात पोह्यांच्या गडबडीत होती. ताईला पाटावर बसवलं, नाव-गाव विचारून झालं, मग आत्यानं तिचा पदर स्वतःच खाली घेतला. बाई तोंडाची फटकळ असली तरी वाईट वाटत नव्हती. तिची नजर माळेवर गेली आणि तिथेच थांबली. हे पोवळं तर नव्हे, मग आहे काय, कुणा सोनारानं केलं, असं ती ताईला विचारू लागली. ताईनं मान खाली घातली.

मी दारात उभी होते. मी बोलायला नको होतं.

"सोनाराची नाई, मीनं केली," मी म्हणाले. "कागदाची हाये."

दोघी हसल्या. कागदाची म्हणे. आत्यानं हात पुढे केला, पाहू म्हणाली. ताईचा हात आपोआप गळ्याशी गेला. मी ताईच्या मागे जाऊन बसले, दोरा सोडला आणि माळ आत्याच्या हातावर ठेवली.

तिनं ती तळहातावर तोलली. नखानं मणी खरवडून बघितला. खिडकीपाशी धरून मुलाच्या आईला दाखवली, म्हणाली, वजनच नाही हिला. माझ्याकडे बघून मान डोलावली. मग मोठ्या मायेनं ती स्वतःच माळ ताईच्या गळ्यात परत बांधायला वळली, आणि तिचे हात वरच्या वर थांबले. मुलाच्या आईनंही पाहिलं. ताईनं गळा झाकला नाही, तशीच बसून राहिली. आत्यानं माळ माझ्या हातात दिली.

"हात गुणी हाये पोरीचा," ती म्हणाली.

त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, निघताना आईला नमस्कारही केला. आठवड्यानं कार्ड आलं, की पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही. आईनं ताईला धारेवर धरलं, गळ्यातली माळ निघालीच कशी म्हणून. दोरा तुटला, असं ताई म्हणाली. एवढा जपून बांधायचा सोडून हात दाखवून अवलक्षण केलं, असं आई तिला दोन दिवस बोलत राहिली. मी शेजारी बसून तांदूळ निवडत राहिले.

नंतर स्थळं आलीच नाहीत. ताई अध्यापनाचा अभ्यासक्रम करून मुलींच्या शाळेत लागली, निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. माझं लग्न झालं, पोरंबाळं झाली, दर दिवाळीला ती त्यांच्यासाठी कपडे शिवून पाठवायची. चार वर्षांपूर्वी गेली. मला ती कधी टाकून बोलली नाही. त्या प्रकाराबद्दल माझ्याशी एकदाच बोलली, कार्ड आल्यानंतरच्या आठवड्यात. दुपारी न्हाऊन अंगणात केस वाळवत बसली होती. मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाली,

"मायले मी दोरा तुटला म्हनून सांगतलं. तुटला नोता. अन् गाठबी एक नोती. माह्या हातानं तीन मारल्या होत्या, घट्ट."

ती उठून आत गेली.

तीन गाठी सोडायला वेळ लागतो. शेवटची तर मी नखानं उकलली होती. त्या वेळात मी सगळं विसरले होते, पोरवय होतं, असं मी आजवर नवऱ्याला, मुलांना आणि स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. दुसऱ्या गाठीपाशी मला डाग आठवला होता. पण आत्याचा हात पुढे पसरलेला होता, आणि त्या हातात माझी माळ कशी दिसते ते मला पाहायचं होतं.